'काम' म्हणजे उकाडा? गतीच्या आणि शांततेच्या इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा

खाडीकाठची | १२ मे, दुपारी १२.२०

लेकीला सुट्टी लागलीय, पण इंग्रजीच्या बाईंनी सुट्टीचा अभ्यास दिलाय. हालचालीचे वीस शब्द, शांततेचे वीस शब्द. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा. काल दुपारी आम्ही दोघी ओटीवर वही उघडून बसलो. लाईट गेलेली, वारा पडलेला. खाडीच्या कडेचे माड चित्रात काढल्यासारखे उभे. घामाने वहीचं पान हाताला चिकटत होतं आणि यादीतला पहिलाच शब्द आला 'काम'. आपलं काम नव्हे, सी-ए-एल-एम, ज्यातला एल मुका असतो तो.

लेक म्हणाली, "आई, आत्ता सगळं काम आहे ना? मग मला एवढं कसंतरी का होतंय?"

फोनमध्ये आठ टक्के बॅटरी होती, ती मी या प्रश्नावर खर्च केली. तर काय सापडावं! इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला, तिथे इटालियन 'काल्मा'वरून, आणि त्याच्या मागे ग्रीक 'कौमा'. कौमा म्हणजे शांतता नव्हेच. कौमा म्हणजे काहिली, भर दुपारचा उकाडा. त्या उन्हात माणसं, गुरं, वारा, समुद्र सगळं निपचित पडायचं, म्हणून उकाड्याचा शब्द निपचितपणाला चिकटला. पुढे त्यातली उष्णता उडून गेली आणि नुसती शांतता उरली.

लेकीने वहीत सरळ 'काम = उकाडा' असं लिहून टाकलंय. मी अजून खोडलेलं नाही.

तर मंडळी, अशा चालण्या-थांबण्याच्या इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा इथे टाका. नुसते अर्थ नकोत, ते वहीत आहेत. आणि दुसरा प्रश्न: वारा पडला की तुमच्या गावात काय म्हणतात?

---

चाकरमानी_दादर | १२ मे, दुपारी १२.४१

इंग्रजीत काम म्हणजे शांतता, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांकडे बघून कळलं होतं.

---

हर्णैची_सून | १२ मे, दुपारी १२.५५

आमच्याकडे आंब्याच्या कलमाखाली खाट टाकली की आपोआप काम होतं. कलमवरूनच आला असणार. (दिवे घ्या.)

---

शब्दखोर | १२ मे, दुपारी १.३०

धागा आवडला. कौमाचं बरोबर आहे. तो ग्रीक 'कैइन' म्हणजे जाळणे या धातूवरून येतो. त्याच घरातलं दुसरं पोर म्हणजे कॉस्टिक सोडा, जाळणारा म्हणून कॉस्टिक. तिसरं पोर 'इंक'. ग्रीकमध्ये 'एन्कौस्टॉन' म्हणजे भाजून पक्कं केलेलं; ते लॅटिन आणि फ्रेंचमधून झिजत झिजत इंग्रजीत इंक झालं. म्हणजे तुमच्या लेकीने ज्या शाईने 'काम = उकाडा' लिहिलं, ती शाईसुद्धा त्याच उकाड्यातली.

खोडू नका.

---

रापणकार | १२ मे, दुपारी २.०५

ताई, दुपारी वारो पडलो म्हणतास तो माका काय पटना नाय. मे म्हयन्यात दुपारी खारो वारो असता. वारो पडता तो सकाळी नऊ-धा वाजता, नायतर राती. तुमची दुपार नक्की किती वाजता होता?

---

खाडीकाठची | १२ मे, दुपारी २.१५

दादा, पकडलंत. साडेदहा वाजले होते. मासळी साफ करून झाली की आमच्याकडे दुपारच होते.

---

भूगोलाचे_सर | १२ मे, दुपारी ३.१०

रापणकार यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. दिवसा जमीन तापते आणि वारा उलटा फिरतो, तो खारा. वाऱ्याने दिशा बदलायची तर मध्ये कुठेतरी थांबावं लागतं. ती वेळ सकाळी उशिरा आणि सूर्यास्तानंतर येते. खाडीकाठची यांचे माड त्या थांब्यावर सापडले.

यादीत नसेल तर 'डोल्ड्रम्स' हा शब्दही घाला. विषुववृत्ताजवळचा वारा पडलेला पट्टा. 'डल' म्हणजे मंद, सुस्त, त्यावरून हा शब्द झाला असं मानतात. मजा अशी की हा शब्द आधी मनाच्या मरगळीसाठी होता, नकाशावर नंतर गेला. शिडाची जहाजं तिथे आठवडेच्या आठवडे अडकायची. आणि तिथे वारा का पडतो? उष्णतेने! तापलेली हवा आडवी वाहण्याऐवजी सरळ वर चढते, म्हणून खाली सामसूम. ग्रीकांना हे शास्त्र माहीत नव्हतं, तरी 'उकाडा म्हणजे शांतता' हे समीकरण त्यांनी शब्दात बांधून ठेवलं.

हाच पट्टा उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकतो आणि त्याच्यामागे आपला पाऊस येतो.

---

संस्कृतप्रेमी | १२ मे, दुपारी ४.२२

हे सगळे शब्द शेवटी संस्कृतातूनच गेले आहेत. नेव्ही म्हणजे नावी. स्टेशन म्हणजे स्थान. सायकल म्हणजे चक्र. इंग्रजांनी फक्त स्पेलिंग बदललं. आपल्याला आपल्या भाषेची किंमत नाही, दुसरं काय.

---

शब्दखोर | १२ मे, दुपारी ४.५०

आलात? वाटच बघत होतो.

अहो, स्थान आणि स्टेशन यांचं नातं आहे, नाकारतंय कोण? पण ते बाप-लेकाचं नाही, चुलत भावंडांचं आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच आजीच्या नाती. त्या आजीने काही लिहून ठेवलं नाही, एवढंच. तुमच्या चुलत भावाचं नाक तुमच्यासारखं असेल तर त्याने ते तुमच्याकडून चोरलं असं म्हणता का?

'क्विक' घ्या. त्याचा मूळ अर्थ जलद नव्हे, जिवंत. पारा जिवंत असल्यासारखा पळतो म्हणून तो 'क्विकसिल्व्हर', जिवंत चांदी. हा क्विक आपल्या 'जीव'चा चुलत भाऊ. पण म्हणून कोणी संस्कृत पंडित लंडनला जाऊन तो देऊन आला नव्हता.

खरोखर आपल्याकडून गेलेला गतीचा शब्द हवा असेल तर 'जगरनॉट'. वाटेत येईल ते चिरडत जाणारं प्रचंड काहीतरी. तो पुरीच्या जगन्नाथाचा रथ.

---

संस्कृतप्रेमी | १२ मे, सायं. ५.०१

आजी लिहून गेली नाही, तरी तुम्हाला तिचे शब्द बरे माहीत!

---

चाकरमानी_दादर | १२ मे, सायं. ५.०३

हा प्रश्न मात्र चांगला आहे. शेंगदाणे घेऊन बसलोय.

---

शब्दखोर | १२ मे, सायं. ५.४०

नातवंडांची नाकं जुळवून आजीचं नाक काढतात. त्याची पद्धत आहे, नियम आहेत, त्यावर वेगळा धागा काढा. इथे लेकीचा अभ्यास राहील.

---

हर्णैची_सून | १२ मे, रात्री ९.१५

नेव्हीवरून आठवलं. लग्नानंतर पहिल्यांदा सासरच्या मंडळींबरोबर हर्णै बंदरातून सुवर्णदुर्गाला होडीने गेले. माहेर माझं साताऱ्याकडचं, पाणी पाहिलेलं ते विहिरीतलं. होडी हलायला लागल्यावर माझ्या पोटात जे सुरू झालं ते किल्ला येईपर्यंत थांबलं नाही. सासूबाई पाठीवरून हात फिरवत होत्या आणि नाखवा हसत होता.

पुढे कळलं की 'नॉशिया' हा शब्दच मुळी बोटीवरून आलाय. ग्रीकमध्ये 'नौस' म्हणजे जहाज, नॉशिया म्हणजे जहाज लागणे. आपली नौका त्याच कुळातली. म्हणजे मला मळमळत होतं त्यातही नाव होती आणि मी बसले होते तीही नाव. आणि नाखवा तरी कोण? फारसी नाखुदा, त्यातही पहिलं अक्षर नावेचंच. नावेचा मालक. अख्ख्या होडीत नाव नसलेली एकटी मीच होते, नवी सून म्हणून.

---

खाडीकाठची | १२ मे, रात्री ९.२२

शेवटच्या वाक्याला दंडवत. 'नॅव्हिगेट' आमच्या यादीत आहे! तेही त्याच घरातलं का?

---

शब्दखोर | १२ मे, रात्री ९.४४

हो. लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे. नाव हाकणे. त्याच आगेरेवरून एजाइल, ॲजिटेट, एजंट. संस्कृतात 'अजति' म्हणजे हाकतो. संस्कृतप्रेमी, हे खास तुमच्यासाठी.

---

संस्कृतप्रेमी | १२ मे, रात्री ९.५०

स्वीकारलं. चुलत भाऊ म्हणून.

---

रोठा_सुपारी | १३ मे, सकाळी ७.३०

श्रीवर्धनहून लिहितोय. 'लल' हा शब्द यादीत असेलच. वादळाआधीची किंवा वादळातली थोडा वेळची शांतता. लहान मुलाला झोपवताना तोंडाने लू-लू करतात त्या आवाजावरून तो आला. आपलं जो-जो तसं. जन्मकथा गोड आहे, पण मला तो शब्द गोड लागत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं. दुपार होती. कौलं पत्त्यांसारखी उडत होती, बागेतून एकामागून एक सुपारी मोडल्याचे आवाज येत होते. सुपारी मोडते तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि मग एकाएकी वारा थांबला. पार थांबला. आभाळ थोडं उजळलं. आम्ही बाहेर आलो, शेजारी बाहेर आले, कोणी म्हणालं "गेलं एकदाचं." मी बागेकडे निघालोसुद्धा. वडिलांनी शर्टाला धरून मागे ओढलं. ते काही शिकलेले नव्हेत, पण म्हणाले, "पाखरू बोलत नाही, अजून संपलेलं नाही." मग वारा सुटला तो उलट्या बाजूने. पहिल्या वाऱ्याला टिकलेली झाडं दुसऱ्याने नेली.

नंतर टीव्हीवर सांगत होते की वादळाला डोळा असतो आणि डोळ्यात वारा नसतो. आजोबांनी लावलेली बाग होती. सुपारी लावल्यावर फळ धरायला सात-आठ वर्षं जातात. आता नवीन रोपं डोक्याच्या वर गेलीत.

---

खाडीकाठची | १३ मे, सकाळी ८.०५

वाचून काही सुचेना. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

---

भूगोलाचे_सर | १३ मे, सकाळी ९.१८

रोठा सुपारी, तुमच्या वडिलांना जे पाखरांवरून कळलं ते खलाशांना कळावं म्हणून एका माणसाने आयुष्य घालवलं. हेन्री पिडिंग्टन, कलकत्त्याला राहणारा इंग्रज. जुन्या जहाजांच्या नोंदी जुळवून त्याने दाखवलं की ही वादळं गोल फिरतात, म्हणून डोळा ओलांडला की वारा उलटा येतो. अशा वादळाला नाव हवं म्हणून त्याने १८४० च्या दशकात 'सायक्लोन' हा शब्द घडवला. ग्रीक 'कुक्लोस', वर्तुळ. त्याच्या डोळ्यापुढे सापाचं वेटोळं होतं. कुक्लोस, आपलं चक्र आणि इंग्रजी 'व्हील' ही पुन्हा भावंडं. म्हणजे सायक्लोन हा हिंदुस्थानात जन्मलेला इंग्रजी शब्द आहे आणि आपण त्याला चक्रीवादळ म्हणतो तेव्हा नकळत त्याला त्याच्या चुलत्याच्या घरी आणून ठेवतो.

'टायफून'मध्ये तर तीन प्रवाह मिसळलेत: ग्रीक टायफॉन (कथेतला वादळी राक्षस), चिनी मोठा वारा, आणि अरबी-फारसी तुफान. जुन्या इंग्रजी लिखाणात तो पहिल्यांदा येतो तो आपल्याच समुद्रातल्या वादळांसाठी.

---

चाकरमानी_दादर | १३ मे, सकाळी ११.००

वातावरण जड झालंय, म्हणून माझी भर. 'टर्ब्युलंट'. लॅटिन 'तुर्बा' म्हणजे गर्दी, गोंधळ घालणारा जमाव. त्यावरून डिस्टर्ब, ट्रबल, आणि गढूळ पाण्याला टर्बिड. ज्याने हा शब्द काढला तो गणपतीच्या आदल्या रात्री दादरला कोकणच्या गाडीत चढला असणार. मी दरवर्षी चढतो. आत शिरताना तुर्बा, आत गेल्यावर टर्बिड, आणि रोह्याच्या पुढे एकेरी रुळावर समोरची गाडी जाऊ द्यायला उभे राहिलो की पूर्ण काम.

आणि 'क्विट' व 'क्वाएट' हे एकच शब्द आहेत हे माहीत आहे का? दोन्ही लॅटिन 'क्वीएतुस'वरून. विसावलेला, मोकळा. कर्ज फिटलं, मोकळा झालास. नोकरी सोडली, मोकळा झालास. साहेबांना मेलमध्ये 'क्विट' लिहायचं आणि गावी येऊन क्वाएट व्हायचं, असा माझा बेत गेली अकरा वर्षं आहे.

---

हर्णैची_सून | १३ मे, सकाळी ११.२०

गावी येऊन क्वाएट? आधी येऊन आमच्या भावकीची एक बैठक बघा.

---

दुर्गवेडा | १३ मे, दुपारी १.४५

शांत समुद्र म्हणजे सुख, हे पर्यटकाचं गणित झालं. अठराव्या शतकात या किनाऱ्यावरून जाणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्याला विचारा. वारा पडला की त्याची भली मोठी शिडाची जहाजं जागच्या जागी मेखा मारल्यासारखी. आणि इकडे आंग्र्यांची गलबतं वल्ह्यांची! एकेका गलबतावर चाळीस-पन्नास वल्ही. वारा नसला तरी ती चालायची, शिवाय तोफा चढवलेल्या मोठ्या गुराबांना दोरखंड लावून खाडीबाहेर ओढत न्यायची. शत्रूच्या मागल्या बाजूला येऊन तोफा डागायच्या, जिथे त्याची तोफ वळत नाही. वारा पडून जहाज असं अडकलं की इंग्रजीत त्याला 'बिकाम्ड' म्हणतात. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले, पण विजयदुर्ग १७५६ पर्यंत इंग्रजांच्या हाती लागला नव्हता. बिकाम्ड हा शब्द त्यांनी किती घाबरत उच्चारला असेल बघा.

गुराब हाही प्रवासी शब्दच. अरबीत गुराब म्हणजे कावळा. इंग्रजांनी त्याचं 'ग्रॅब' केलं. झडप घालण्याच्या ग्रॅबशी त्याचा काही संबंध नाही, पण इंग्रजांना तसा वाटला असेल तर दोष देता येत नाही.

---

रापणकार | १३ मे, दुपारी २.३०

ह्या बरोबर. आमचो आजो शिडाची होडी घेवन जाय. पहाटेक मतलई धरून भायर पडूचा, दुपारी खाऱ्या वाऱ्यार परत येवचा. वारो म्हणजे तेंची फुकटची गाडी. मधीच वारो पडलो काय दर्या तेलासारखो दिसता. बघूक बरो दिसता ओ, पण आजो म्हणा, "तेलासारखो दर्या म्हणजे हाताक फोड." चार जणांनी वल्ही मारूची आणि पाचव्यान गाळी घालूची.

आता इंजिन असा. तरी वाऱ्याबरोबर गेला तर डिझेल कमी लागता, म्हणान मी अजून मतलईच धरतंय.

वारो पडलो तर आमच्याकडे "वारो मेलो" पण म्हणतत. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचा उत्तर ह्या.

---

खाडीकाठची | १३ मे, दुपारी २.४१

"वारो मेलो"! वहीत जातंय. मला वाटलं होतं दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघणारच नाही.

---

वाचनमात्र | १३ मे, रात्री १०.१०

सहा वर्षं इथे वाचतेय, हा पहिला प्रतिसाद.

शांत समुद्राचा सगळ्यात सुंदर शब्द 'हॅल्सियन'. ग्रीक कथेत वाऱ्यांच्या देवाची मुलगी अल्कियोनी. तिचा नवरा समुद्रात बुडतो, ती मागोमाग उडी घेते, आणि देव दोघांना पक्षी करतात. ती पक्षीण ऐन थंडीत समुद्रावर घरटं करते, म्हणून तिचा बाप चौदा दिवस वारे आवरून धरतो. वर्षातला सर्वात लहान दिवस मध्ये, सात दिवस आधी, सात नंतर. ते हॅल्सियन दिवस.

हा पक्षी कोण? खंड्या! आपल्या खाडीच्या तारेवर बसलेल्या, पांढऱ्या गळ्याच्या, निळ्या पंखांच्या खंड्याचं शास्त्रीय नावच हॅल्सियन आहे. आमच्या घराजवळच्या दरडीत दरवर्षी एक जोडी बीळ करते. समुद्रावर घरटं वगैरे काही नाही, हातभर आत मातीत. आणि शांतता? तो ओरडायला लागला की सकाळी सहाला सगळं घर जागं. ग्रीकांनी नक्की कोणता खंड्या पाहिला होता कोण जाणे.

---

शब्दखोर | १३ मे, रात्री १०.२५

सहा वर्षं कुठे होतात? लिहीत जा.

---

भाट्याची_गाडी | १४ मे, सकाळी ८.४०

'सॉन्टर' म्हणजे रमतगमत फिरणे. हा 'सान्त तेर', म्हणजे पवित्र भूमीकडे निघालोय असं सांगून भीक मागत भटकणाऱ्यांवरून आला. वारकऱ्यांसारखं. शाळेत आम्हाला सरांनी सांगितलं होतं.

---

शब्दखोर | १४ मे, सकाळी ९.०२

गोष्ट छान आहे आणि खोटी आहे. सॉन्टर कुठून आला याचा पुरावा नाही. यात्रेचा खरा शब्द हवा तर 'कँटर', घोड्याची मध्यम दुडकी चाल. कँटरबरीच्या यात्रेला जाणारे लोक घोडे ज्या चालीने नेत त्यावरून.

घोड्यावरून माझा लाडका शब्द सांगतो: 'रेस्टिव्ह'. आज अर्थ काय? अस्वस्थ, चुळबुळ करणारा. पण मूळ फ्रेंच 'रेस्तिफ', म्हणजे जागचा न हलणारा. टाच मारा, चाबूक मारा, घोडा ढिम्म. आपला अडेलतट्टू! न हलणारा घोडा मालकाला आवरत नाही, न आवरणारा घोडा पुढे चुळबुळतो, आणि असा घसरत घसरत शब्द स्वतःच्या उलट अर्थाला जाऊन बसला. याचा जुळा भाऊ 'फास्ट'. मूळ अर्थ घट्ट, पक्का. म्हणून न जाणारा रंग फास्ट, गाढ झोप फास्ट, आणि धावणाराही फास्ट. उपवासाचा फास्टही त्यातलाच, नेम घट्ट धरणे. एकादशीला लोक फास्ट धरतात आणि साबुदाण्यावर फास्ट तुटून पडतात.

---

संस्कृतप्रेमी | १४ मे, सकाळी ११.३५

आता माझी भर, भांडण न करता. धागाकर्तीने मराठी शब्दांचं विचारलं होतं ते राहूनच गेलं.

'निवांत' हा शब्द बघा. मूळ संस्कृत 'निवात', जिथे वारा नाही ते. गीतेच्या सहाव्या अध्यायात एकोणिसावा श्लोक आहे, 'यथा दीपो निवातस्थो'. वारा नसलेल्या जागी ठेवलेला दिवा जसा हलत नाही तसं योग्याचं चित्त. म्हणजे आपली शांतता वाऱ्याच्या आडोशाची आहे आणि ग्रीकांची उन्हाची.

दुसरा 'निवणे'. चहा निवला, डोळे निवले. हा 'निर्वाण'चा सख्खा. निर् आणि वा, वाहणे. फुंकर बसून विझणे, थंड होणे.

---

चाकरमानी_दादर | १४ मे, सकाळी ११.४०

म्हणजे माझ्या टेबलावर रोज दोन कप निर्वाण पडलेलं असतं.

---

शब्दखोर | १४ मे, दुपारी १२.१०

संस्कृतप्रेमी, मनापासून +१. एकच तक्रार: आडोशाचा निवात आमच्या ओटीवर मे महिन्यात आणून दाखवा. गीतेतला दिवा हलत नसेल, पण वाचणारा घामाने विझतो.

आणि वाऱ्याचंच निघालं म्हणून, 'विंडो' म्हणजे जुन्या नॉर्स भाषेत वाऱ्याचा डोळा. आपलं गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा, वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. तुकड्यांचं लांबचं नातं असेल, पण हे शब्द कोणी कोणाकडून घेतलेले नाहीत. भिंतीला भोक पाडलं की सगळ्यांना डोळाच दिसतो.

---

भूगोलाचे_सर | १४ मे, दुपारी ४.००

'टाइड' राहिला. जुन्या इंग्रजीत टाइड म्हणजे पाणी नव्हे, वेळ. भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, असं म्हणता म्हणता वेळेचा शब्द पाण्याला लागला. आणि संस्कृतात 'वेला' म्हणजे वेळ, आणि समुद्राची भरती, आणि किनाराही. दोन्हीकडे एकच विचार. वेळास, वेळणेश्वर ही नावं ऐकली की मला तोच शब्द ऐकू येतो.

माझे आजोबा घड्याळाशिवाय भरती सांगत. तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. दशमीला साडेसात. रोज पाऊण तासाने पाणी उशिरा येतं त्याचा हा हिशोब. विद्यार्थ्यांना मी अजून हाच शिकवतो, परीक्षेत मात्र येत नाही.

---

हर्णैची_सून | १४ मे, सायं. ६.२०

आणि 'मान्सून'? तो तर आपल्या दारातला.

---

भूगोलाचे_सर | १४ मे, सायं. ६.३५

अरबी 'मौसिम', ऋतू. अरब खलाशी या वाऱ्यांच्या मौसमावर इकडे येत-जात. पोर्तुगिजांनी त्याचं 'मोन्साँव' केलं, इंग्रजांनी मान्सून. आपण मोसमी वारे म्हणतो तो थेट अरबीतला आणि मान्सून म्हणतो तो लिस्बनला वळसा घालून आलेला. एकच माणूस दोन वाटांनी घरी.

---

खाडीकाठची | १५ मे, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार. लेकीची वही भरली, आता समासात लिहितेय. 'रेस्टिव्ह'पुढे तिने अडेलतट्टू लिहिलं आणि कंसात माझं नाव. 'काम = उकाडा' तसंच ठेवलंय; बाईंनी काट मारली तर हा धागा दाखवायचा असं ठरलंय. लाईट पुन्हा गेलीय, बाहेर पान हलत नाही. शब्दखोर म्हणतात तो निवात.

रापणकार, वारा कधी येणार?

---

रापणकार | १६ मे, पहाटे ४.१०

इलो. मतलई सुटली. जातंय.